मांडीवरचा मुखवटा

एकदा एका डोंगराच्या खांद्यावर एक देवी होती, आणि तिची पूजाअर्चा करणारी एक वृद्ध गुरवीण होती. घरात पुरुष उरला नाही तेव्हा पूजा तिच्याकडे आली, आणि आली ती राहिली. एक-दोघांनी नाकं मुरडली. पण पहाटे उठून टाक्यातलं गार पाणी कळशीने वर आणायला त्यांच्यातलं कुणी पुढे झालं नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. गाव तिला थोरली म्हणत असे.

थोरलीचे हात कापू लागले तेव्हा तिने आपल्या पुतणसुनेला, सगुणेला, हाताखाली घेतलं. देवीला लुगडं नेसवणं ही साधी विद्या नाही. दगडाला कंबर नसते, खांदा नसतो. निऱ्या कशाच्या आधाराने धरायच्या, पदर कुठून वळवायचा म्हणजे पायरीवरून पाहणाऱ्याला आई मांडी घालून बसलेली दिसेल, हे हाताला कळायला वर्षं जातात. सगुणा चाळिशी उलटलेली, चौथीपर्यंत शाळा शिकलेली, नवरा वारलेला. विधवेच्या हातचं कुंकू देवीला कसं चालतं, असं एका शहाण्याने विचारलं. थोरली म्हणाली, "हात धुतलेला असला म्हणजे चालतं. तुमचा दाखवा बघू."

एक काम मात्र थोरलीने अजून कुणाच्या हाती दिलं नव्हतं. पहाटे पडदा ओढून ती एकटी गाभाऱ्यात जाई, देवीचा चांदीचा मुखवटा उतरवी, स्नान घाली, मुखवटा पुन्हा चढवी आणि मगच सगुणेला आत हाक मारी. सगुणेने देवी पाहिली ती मुखवट्यातलीच. टपोरे डोळे, नाकात नथ, ओठांवर जरासं हसू. तिच्या लेखी देवी म्हणजे ते तोंड.

सगुणेला एकच लेक, वैजयंता. तिने आपल्या मनाने लग्न केलं, तेही दुसऱ्या जातीत, आणि दूरच्या शहरात राहायला गेली. निघताना ती आईचा निरोप घ्यायला दारात उभी राहिली, तेव्हा सगुणेने आतून कडी लावली. पोर बराच वेळ बाहेर उभी होती. मग चपलांचा आवाज गेला. एक नवरात्र गेलं, दुसरं आलं, दोघींत शब्द नाही. त्या दुसऱ्या नवरात्रात एका अनोळखी नंबरावरून फोन आला. पलीकडे कुणी बोलेना, नुसता श्वास. लेकीचा श्वास आईला न सांगता कळतो. सगुणेला काय बोलावं सुचेना, म्हणून तिने विचारलं, "जेवलीस का?" पलीकडून आधी हुंदका आला आणि मग "हो" आलं.

तेव्हापासून रोज सांजवात झाली की वैजूचा फोन येई. बोलणं फार नसे. भाजी काय केली, पाय सुजतात का, डॉक्टर काय म्हणाले. वैजूला दिवस गेले होते. कडीचा विषय मात्र दोघींनी काढला नाही. जखमेवर नुकती खपली धरलेली असावी आणि दोघींनी तिच्याकडे न बघता एकमेकींच्या केसांवरून हात फिरवावा, तसं ते चाललं होतं.

एके संध्याकाळी वैजू म्हणाली, "आई, तुला एक विचारायचं होतं."

"विचार की."

तेवढ्यात पलीकडे तिला कुणीतरी हाक मारली. "उद्या विचारते," म्हणाली आणि फोन ठेवला.

प्रश्न काय आहे हे सगुणेला ठाऊक होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत आहे. पण ज्या माहेराने कडी लावली, त्या माहेराला हे विचारायचं तर जीभ उचलावी लागते. सगुणेने उत्तर ओठांवर तयार करून ठेवलं आणि उद्याची वाट बघू लागली.

आता तिच्या फोनविषयी सांगायला हवं. सगुणा फोन वाचत नव्हती, तिने तो पाठ केला होता. उघडला की वैजूचं तोंड. त्याच्या खाली डाव्या कोपऱ्यात हिरवा चौकोन, त्यात पहिलंच नाव वैजूचं. फोन आला की उजवीकडे हिरवं, डावीकडे तांबडं. अक्षरं येत होती तिला, पण जागा ठाऊक असल्यावर अक्षरं कशाला लावत बसायची? अंधारात मिठाचा डबा सापडतो तसा तिचा अंगठा न बघता बरोबर जागी जाई. वातीच्या तेलाने बोटं माखलेली असली तरी अडत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली बाजारात फोनच्या दुकानात गेली. काचेला तडा गेला होता, ती बदलायची होती. दुकानदार तरुण माणूस, हाताला चपळ, तोंडाने गोड. काच बसवता बसवता तो म्हणाला, "मावशी, नवीन अपडेट आलंय, किती दिवस असंच लोंबकळत ठेवलंय तुम्ही. करून टाकतो." आणि तिने तोंड उघडायच्या आत त्याने कुठेतरी बोट दाबलं. "घरी जाईपर्यंत आपोआप होईल."

सगुणा डोंगर चढून आली तेव्हा फोन काळाठिक्कर पडला होता. दुपारी तो जागा झाला, आणि जागा झाला तो दुसऱ्याच कुणाचा तरी होऊन. सगळे रंग विटलेले. हिरवं, पिवळं, निळं सगळं जाऊन एकसारखे फिके गोल. अक्षरं बारीक, कडा वितळल्यासारख्या. आणि घड्याळ एवढं मोठं झालेलं की ते नेमकं वैजूच्या तोंडावर येऊन बसलेलं. लेकीची हनुवटी तेवढी खाली दिसत होती.

सांजवात झाली. फोन वाजला. सगुणेचा अंगठा उजवीकडे गेला आणि फोन बंद झाला. पुन्हा वाजला. पुन्हा अंगठा गेला, पुन्हा बंद. रेंज गेली असेल, असं तिला वाटलं. ती पायरीवर जाऊन उभी राहिली, जिथे रेंज हमखास असते. आपण करू म्हणून हिरवा चौकोन शोधू लागली, तर तो नाहीच. एका गोलावर बोट ठेवलं तर बॅटरी लागली. दुसऱ्यावर ठेवलं तर तिचं स्वतःचंच तोंड खालून दिसू लागलं, नाकपुड्यांसकट. उद्या पुन्हा करील पोर, असं म्हणून तिने फोन कमरेला खोचला.

दुसऱ्या संध्याकाळी तेच झालं. त्यानंतरच्या संध्याकाळी फोन आलाच नाही. आणि पुढेही आला नाही.

मग सगुणा पुन्हा दुकानात गेली. गिऱ्हाइकांची गर्दी होती. दुकानदार म्हणाला, "थांबा, मी इथून लावतो, तुम्ही उचला." तिचा फोन वाजला. सवयीने अंगठा उजवीकडे गेला आणि फोन बंद पडला.

"मावशी, रेंज नाही गेली. तुम्हीच कापताय. हिरवं आता डावीकडे आहे, उजवीकडे तांबडं. बघा तरी."

मागे उभे असलेले दोघं-तिघं हसले. वाईट मनाने नसतील हसले. पण सगुणेचं त्या हसण्याकडे लक्षच नव्हतं. रेंज गेली नव्हती. वैजूचा फोन तिने स्वतःच्या हाताने कापला होता, पुन्हा पुन्हा. आणि पलीकडे लेकीला काय वाटलं असेल, ते तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

"जुनं परत करून दे," ती म्हणाली.

"ते परत येत नाही, मावशी. आणि हे चांगलंय. वापरून बघा."

"कुणासाठी चांगलंय?"

"सगळ्यांसाठीच."

"त्या सगळ्यांत मी धरली आहे का?"

दुकानदार तसा वाईट नव्हता. त्याने तिच्या फोनवर भराभर बोटं फिरवली, इथून इकडे जायचं, मग हे दाबायचं, आणि म्हणाला, "कळलं ना? दोन-चार दिवसांत सवय होऊन जाईल."

मागची माणसं खोळंबली होती. सगुणा म्हणाली, "कळलं." तिला काही कळलं नव्हतं. दुकानाच्या पायरीवरून उतरताना ती वळून म्हणाली, "सवय सासरी आलेल्या सुनेलाही होते, बाबा. म्हणून तिला काही विचारायचंच नाही, असं थोडंच आहे?"

घरी येऊन तिने फोन तांदळाच्या डब्यात खुपसला आणि वर झाकण लावलं.

पुढचे काही दिवस ती कामाला हात लावी ते काम बिघडे. वात विझे. कळशी हिंदकळे. एका मंगळवारी तिने देवीला नेसवलेल्या निऱ्या एका बाजूला सरकल्या आणि थोरली, जिला धड दिसतही नव्हतं, पायरीवरून म्हणाली, "आज आईला फेंगडी बसवलीस गं."

सगुणा निऱ्या सोडू लागली.

"काय झालंय?"

"काही नाही, आत्याबाई."

"काही नाही तर निऱ्या कुणावर रुसल्यात?"

सगुणेने लुगडं तसंच सोडलं आणि थोरलीपुढे येऊन बसली. "मला कौल लावून द्या," ती म्हणाली. त्या देवळात कौल लावायची रीत अशी होती की देवीच्या अंगाला पाण्याने फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि थांबायचं. उजवं फूल पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. त्या डोंगरावर देवीला विचारल्यावाचून कुणी पालखी हलवत नसे, की देवळाचा दगड हलवत नसे.

"काय विचारायचंय?"

"वैजूचा फोन येईल का ते. आणि फोनचं जुनं रूप परत येईल का ते."

थोरलीला अर्धंच समजलं. मग सगुणेने सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता तिचा आवाज चढत गेला. "आत्याबाई, माझ्या घरात शिरून कुणी माझे डबे हलवले, मिठाच्या जागी साखर ठेवली आणि साखरेच्या जागी चुना, तर मी त्याला चोर म्हणीन. पायताण घेऊन मागे लागेन. आणि हे न बघितलेले लोक कुठेतरी बसून माझ्या हातातली वस्तू बदलतात, माझ्या लेकीच्या तोंडावर घड्याळ ठेवतात, तर यांना साहेब म्हणायचं. वर म्हणतात, छान झालंय. मी बोंबलले होते का, मला छान करून द्या म्हणून? मला हिरवं उजवीकडे हवं होतं, बस. एवढंच होतं माझं."

"खरं आहे," थोरली म्हणाली.

तिने इतक्या सहज खरं म्हटलं की सगुणेचा पुढचा शब्द अडकला.

"फोन कुठाय आता?"

"तांदळाच्या डब्यात."

"भिजला का?"

"नाही. तोंड बघवत नाही मला त्याचं."

दुपार झाली होती. देवळात दोघींखेरीज कुणी नव्हतं. मग थोरली भिंतीला धरून उठली, गाभाऱ्यात गेली, पडदा न ओढता देवीसमोर उभी राहिली, आणि जे ती पहाटेशिवाय कधी करत नसे ते तिने भर दुपारी केलं. कापऱ्या हातांनी तिने देवीचा मुखवटा उतरवला, पदराने पुसला आणि बाहेर आणून सगुणेच्या मांडीवर ठेवला.

"कौल मी नाही लावत. तुला काय सांगायचंय ते आईला तूच सांग."

सगुणा दचकली. चांदीचं ते तोंड तिच्या मांडीवर उताणं पडलं होतं. टपोरे डोळे छताकडे लागलेले, ओठांवर तेच हसू. आणि समोर, जिथे रोज ते तोंड असे, तिथे एक काळा दगड होता. त्याला डोळे नव्हते, नाक नव्हतं. पिढ्यान् पिढ्या तेलाचे हात फिरून त्याची एक बाजू गुळगुळीत झाली होती, आणि मध्ये, जिथे कपाळ असावं तिथे, कुंकवाचा गर्द डाग खोल मुरला होता. इतकी वर्षं ज्या अंगाला तिने लुगडं नेसवलं ते हे. तिला वाटलं, आपण कुणा परक्या बाईच्या घरात न विचारता आलो आहोत.

"सांग," थोरली म्हणाली.

आई, माझी लेक, एवढंच सगुणा आधी म्हणाली. मग सगळं आलं. कडीचंही आलं. दाराबाहेर पोर उभी होती तेव्हा आपण आत कडीवर हात ठेवून उभ्या होतो, आणि ती कडी काढायला बळ लागत नव्हतं, नुसतं बोट लागत होतं, हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते तिने सांगितलं. तिचं अंग पुढे झुकलं होतं. डोळ्यांतलं पाणी टपटप मुखवट्यावर पडत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

ती थांबली तेव्हा थोरलीने विचारलं, "सगुणा, तुझ्या मांडीवर काय आहे?"

सगुणेने खाली पाहिलं. "आईचं तोंड."

"मग तू बोललीस कुणाशी?"

सगुणेने मान वर केली. सगळा वेळ ती त्या काळ्या दगडाशी बोलली होती. ज्या तोंडाला देवी समजत ती वर्षानुवर्षं हात जोडत आली, ते मांडीवर होतं, अगदी हाताशी. तरी देवीशी बोलायला ती खाली वळली नव्हती.

थोरली तिच्याशेजारी टेकली. "हा मुखवटा माझ्या सासऱ्यांच्या काळात आला," ती म्हणाली. "त्याआधीचा पितळी होता, उग्र, ओठ मिटलेला. तो झिजून फुटला तेव्हा एका व्यापाऱ्याने हा चांदीचा दिला. सासऱ्यांनी कौल लावला. उजवं फूल पडलं तेव्हाच चढवला. तरी गाव रुसलं. बायका म्हणाल्या, ही आमची आई नव्हे, ही हसते, हिला आमचं दुखणं काय कळणार? कितीजणी पायरीवरून परत फिरल्या. एक बाई मात्र आली. तिचं पोर तापाने फणफणलं होतं. तिने मुखवट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओटा धरून बोलत सुटली. जिला खरोखर बोलायचं असतं, पोरी, तिला तोंड कसं आहे ते बघायला सवड नसते."

सगुणेने डोळे पुसले. "म्हणजे माझंच चुकलं म्हणा."

"तुझं कसं? सासऱ्यांनी दगडाला विचारलं होतं. तू चालतीबोलती बाई, तुला कुणी विचारलं नाही. ज्याने विचारलं नाही त्याचं चुकलं, आणि ते चुकलंच. त्याला शिव्या दे, माझ्याही दोन त्यात धर. पण मला एक सांग. त्या संध्याकाळी हात चुकला. त्यानंतर फोन डब्यात कुणी घातला?"

सगुणा मांडीवरच्या मुखवट्याची कड चाचपू लागली.

"फोनमध्ये लेक सापडत नव्हती, हे खरं. पण तुला ती शोधायचीही नव्हती. सापडली असती तर सांगावं लागलं असतं, मी कापला म्हणून. आणि ती म्हणाली असती, आई, तू आधीही कडी लावली होतीस. ते ऐकण्यापेक्षा फोनवर चिडणं सोपं गेलं तुला. दुसऱ्याने केलेल्या चुकीची तू कडी केलीस, सगुणा, आणि आतून लावून घेतलीस."

बाहेर चिंचेत कुठेतरी होला घुमत होता. सगुणेने मांडीवरचा मुखवटा उचलला. पदराने त्यावरचं पाणी टिपलं.

"चढव," थोरली म्हणाली.

"मी?"

"माझे हात आता किती दिवस पुरतील? चढव."

सगुणा गाभाऱ्यात गेली. मुखवट्याला मागून दोन कड्या होत्या आणि दगडाला त्या अडकवायच्या खाचा. तिला त्या दिसत नव्हत्या. तिने दगडावर हात फिरवला. एक खाच सापडली, दुसरी सापडेना. मुखवटा वाकडा बसला, घसरला, तिने तो छातीने सावरला. थोरली पुढे झाली नाही. बऱ्याच वेळाने कडी खाचेत बसल्याचा बारीकसा आवाज आला आणि देवी पुन्हा हसू लागली. तेव्हा सगुणेला प्रथमच वाटलं की हसणाऱ्या तोंडामागे कोण आहे, हे आता आपल्याला ठाऊक आहे. मग तिने सरकलेल्या निऱ्या सोडून नीट घातल्या.

घरी जाऊन तिने तांदळातून फोन उपसला. फटीत अडकलेले कण झटकले, चार्जिंगला लावला, आणि उजेड असतानाच पायरीवर येऊन बसली. थोरली शेजारी वाती वळत होती.

"अक्षरं येतात ना तुला?"

"चौथीपर्यंतची."

"नावात त्याच्या पुढची थोडीच असतात?"

सगुणा एकेक गोल उघडून बघू लागली. बॅटरी लागली, तिने विझवली. कॅमेरा उघडला, तिने बंद केला. एका ठिकाणी नावांची रांग निघाली, पण पहिल्या जागी वैजू नव्हती. सवयीने तिने पहिल्यावरच बोट ठेवलं तेव्हा दूधवाल्याने फोन उचलला.

"काय वहिनी, जास्त दूध हवंय का?"

"नको. तू हवा होतास कुणाला?" म्हणून तिने फोन ठेवला. अंगठ्याच्या ओढीने जायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं. ती खाली खाली जाऊ लागली. बोट ओळीखाली धरून, शाळेत धरत असे तसं, ओठ हलवत. वसंत इलेक्ट्रिक. विहीरवाले. वै. ज. मग तो टिंब असलेला य. ता. आपल्या लेकीचं नाव तिने ठेवलं होतं, हाका मारल्या होत्या, शिव्यांत गुंफलं होतं. वाचलं मात्र आज पहिल्यांदा.

फोन वाजत राहिला. मग उचलला गेला. पलीकडे कुणी बोलेना. नुसता श्वास.

"जेवलीस का?" सगुणा म्हणाली.

"तू कापलास," वैजू म्हणाली. "कितीदा केला मी. दरवेळी कापलास."

"कापला. हाताने कापला, मनाने नाही. फोन बदललाय माझा. हिरव्याच्या जागी तांबडं ठेवलंय मेल्यांनी."

वैजूला खरं वाटलं की नाही, कळेना. सगुणेने डोळे मिटले. "वैजू, ऐक. त्या दिवशीची कडी मीच लावली होती. ती मी लावली. ही नाही लावली."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि मग, सगुणेला कळेना हसू का रडू, असं काहीतरी. "माझाही बदललाय गं," वैजू म्हणाली. "परवा सासूबाईंचा फोन मी असाच कापला. त्या तेव्हापासून धड बोलत नाहीत माझ्याशी. मला म्हातारीचाच राग आला होता, एवढ्याशा गोष्टीवरून रुसते म्हणून."

"आज कर त्यांना फोन. आधी तू कर."

"करते."

"आणि त्या दिवशी तुला काहीतरी विचारायचं होतं."

"हां. ते." वैजूचा आवाज बारीक झाला. "काही नाही, असंच. नंतर विचारीन."

सगुणेच्या ओठांवर कितीतरी दिवसांपासून उत्तर तयार होतं. पण उत्तर द्यायला आधी तिला विचारायला लावायचं, उंबऱ्याबाहेर पुन्हा एकदा उभं करायचं, हे आता तिला नको झालं.

"नको विचारूस," ती म्हणाली. "मी विचारते. सातव्यात येतेस की आठव्यात? सासूबाईंशी मी बोलेन. तुला यायचं असेल तरच हं. तुझ्या मनात काय आहे ते तू सांग."

थोरलीने वातीवरची नजर उचलली नाही, पण तिची बोटं थांबली होती.

बोलणं संपलं तेव्हा देवळात सांजवातीची वेळ झाली होती. सगुणेने फोन कमरेला खोचण्याआधी एकदा पाहिला. घड्याळ अजून लेकीच्या तोंडावरच ठाण मांडून बसलं होतं. ते कसं हलवायचं, हे तिला आजही ठाऊक नव्हतं. एखाद्या बाजाराच्या दिवशी ती दुकानदाराला विचारणार होती, आणि तो नुसतं करून देऊ लागला तर हात धरून शिकव म्हणणार होती. पण आज तिने त्या मोठ्या आकड्यांकडे पाहिलं तेव्हा तिला खाली हनुवटी दिसली, आणि हनुवटीवरून वरचं सगळं तोंड.

ज्याला दुसऱ्याच्या घरातलं काही बदलायचं असेल, त्याने आधी विचारावं. आणि ज्याचं न विचारता बदललं गेलं, त्याने खुशाल रागवावं, पण त्या रागाची कडी आपल्याच दाराला आतून लावून घेऊ नये. बाहेर कोण उभं आहे, हे कडीला कळत नसतं.